हेअर ट्रान्सप्लांट: एफयूई की डीएचआय, हा प्रश्न चौथा आहे, पहिला नाही

“एफयूई करू की डीएचआय? सफायर चांगलं का?” ही केस काढायच्या आणि लावायच्या टेक्निकची नावं. टक्कल पडायला लागलेला माणूस बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतो. केस कशामुळे गेले, गळती थांबलीय का, मागच्या बाजूला काढून घेण्याजोगे केस किती आहेत, हे त्याआधीचे प्रश्न राहूनच जातात. मग रील बघून नांदेडचा माणूस हैदराबाद गाठतो, लातूरचा पुणे. टोकन भरून येतो आणि वर्षभरानं आरशासमोर हिशोब लावत बसतो. पुढचा क्रम मुद्दाम तसा लावलाय. टेक्निकची तुलना चौथ्या टप्प्यात आहे, पण पहिल्या तीन टप्प्यांची उत्तरं हातात नसतील तर ती वाचून उपयोग नाही.

## टप्पा 1: टक्कल कोणत्या प्रकारचं, ते डॉक्टरकडून ठरवून घ्या

ट्रान्सप्लांट मुख्यतः आनुवंशिक टकलासाठी आहे. त्यात कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतात, भोवऱ्याजवळ टाळू उघडी पडते, पण कानांच्या वर आणि डोक्याच्या मागे केसांची पट्टी टिकून राहते. या पट्टीतल्या मुळांवर टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या हार्मोनचा परिणाम फारसा होत नाही, आणि तिथलं मूळ उचलून पुढे लावलं तरी त्याचा तो गुण कायम राहतो. सगळं ऑपरेशन या एका गोष्टीवर उभं आहे.

बाकीच्या गळतीचं गणित वेगळं. टायफॉईड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन, बाळंतपण किंवा अघोरी डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीनं केस जातात. ते बहुतेक वेळा आपोआप परत येतात. चाई, म्हणजे गोल गुळगुळीत चट्टे, हा शरीराच्या प्रतिकारशक्तीचा गोंधळ आहे. तिथं लावलेले केसही चाई खाऊन टाकू शकते. त्वचेत व्रण धरून केस जात असतील (खाज, लालसरपणा, मुळाशी पापुद्रे) तर तो आजार शांत होईपर्यंत सुई लावायचीच नाही.

यासाठी पुण्याला जायची गरज नाही. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, लातूर, नांदेड आणि अंबाजोगाईची सरकारी मेडिकल कॉलेजं, या सगळीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. केसपेपर काढा, सकाळी लवकर जा, डोक्याला तेल लावून जाऊ नका. डॉक्टर भिंगातून मुळं बघतील, गरज वाटली तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड करायला सांगतील. बायकांनी तर हा टप्पा अजिबात टाळू नये. त्यांची गळती पुष्कळदा संपूर्ण डोक्यावर विरळ होत जाते, मागची पट्टीसुद्धा त्यातून सुटत नाही, आणि मग काढून लावायला भरवशाचे केसच उरत नाहीत.

तपासून घ्या: निदान कागदावर लिहिलेलं आहे का? “केस गळतात, ट्रान्सप्लांट करा” याला निदान म्हणत नाहीत.

## टप्पा 2: आधी गळती थोपवा

लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या शेजारचे मूळचे केस गळायचे थांबत नाहीत. तेविसाव्या वर्षी पुढची रेष भरून घेतली आणि औषध घेतलं नाही, तर तिशीत पुढे केसांचा एक पट्टा, त्यामागे मोकळं मैदान, असं डोकं तयार होतं. हे मी सर्वांत वाईट परिणामांत धरतो, कारण ते लपवणं साध्या टकलापेक्षा अवघड असतं.

म्हणून ऑपरेशनच्या आधी साधारण सहा महिने ते वर्षभर औषधांवर राहून बघायचं. पुरुषांसाठी मुख्य दोन: रोज 1 मिलीग्रॅम फिनास्टेराईडची गोळी आणि डोक्याला लावायचं 5 टक्के मिनॉक्सिडिल. दोन्ही डॉक्टरनं लिहून दिल्यावरच घ्यायची. फिनास्टेराईडमुळे काही थोड्या जणांना लैंगिक इच्छा किंवा ताठरता कमी झाल्याचा, काहींना मन उदास राहिल्याचा अनुभव येतो. तसं झालं तर लाजून गप्प बसू नका, डॉक्टरला सांगा. गरोदर बाईनं किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या बाईनं फुटलेली गोळी हाताळू नये. पन्नाशीच्या पुढच्यांनी प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगावं, कारण आकडा त्यामुळे निम्म्याच्या आसपास दिसतो. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते. तिथंच बरेच जण बाटली फेकून देतात. तेवढा काळ काढायचा असतो.

सावध: पंचविशीच्या आतल्या मुलाला पहिल्याच भेटीत “उद्या करून टाकू” म्हणणाऱ्या क्लिनिकमधून चहा न घेता उठा.

## टप्पा 3: घरी मोजमाप करा

हे काम कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर.

स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक पिशवी फाडून एक पदर डोक्यावर ताणून धरा. बायकोला किंवा भावाला मार्करनं विरळ भागाची कड आखायला सांगा. मग तो तुकडा मुलाच्या ग्राफ पेपरवर ठेवा आणि 1 सेंटिमीटरचे चौकोन मोजा. समजा 50 चौकोन आले. ट्रान्सप्लांटमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण 35 ते 45 ग्राफ्ट लावले जातात. 40 धरले तर तुम्हाला 2000 ग्राफ्ट लागतील.

ग्राफ्ट म्हणजे एक केस नव्हे. केस निसर्गतःच एक, दोन, तीन, क्वचित चारच्या झुबक्यात उगवतात. तो अख्खा झुबका म्हणजे ग्राफ्ट. सरासरी दोन केस धरले तर 2000 ग्राफ्टमध्ये 4000 केस येतात. “चार हजार केसांचं पॅकेज” आणि “चार हजार ग्राफ्टचं पॅकेज” यात दुपटीचा फरक आहे, आणि फसवणूक नेमकी इथं होते.

आता दुसरी बाजू. डोक्याच्या मागून आयुष्यभरात सुरक्षितपणे काढता येतात ते साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट, बऱ्याच जणांचे त्याहून कमी. मागचा हा साठा म्हणजे पुनर्भरण नसलेली विहीर: उपसलेला ग्राफ्ट परत भरत नाही. टक्कल कानापर्यंत उतरलेल्या माणसाचा उघडा भाग 200 चौरस सेंटिमीटर असेल तर हिशोबानं 8000 ग्राफ्ट लागतील. तेवढे असतातच कुठे? मग पुढचा भाग आणि मधला भाग आधी घ्यायचा, भोवरा मागे ठेवायचा. भोवऱ्याचा भाग गोलाकार पसरतो, कितीही ग्राफ्ट खातो आणि समोरून दिसतही नाही.

तपासून घ्या: तुमचा चौकोनांचा आकडा आणि क्लिनिकचा ग्राफ्टचा आकडा जुळतो का? 50 चौकोनांना कोणी 4500 ग्राफ्ट सांगत असेल तर विचारा, कुठे लावणार?

## टप्पा 4: आता टेक्निक

जाहिरातीत दहा नावं असतात. खरं पाहता मुळं काढायच्या पद्धती दोनच आहेत: एफयूटी आणि एफयूई. सफायर आणि डीएचआय ही मुळं लावण्याच्या पद्धतींची नावं आहेत, आणि त्या दोन्हींत मुळं बहुधा एफयूईनंच काढलेली असतात. त्यामुळे “एफयूई की डीएचआय” हा प्रश्नच तिरका आहे. दोन वेगळे प्रश्न विचारायचे: काढणार कसे? लावणार कसे?

### काढणं: एफयूटी

डोक्याच्या मागून साधारण 1 ते दीड सेंटिमीटर रुंदीची कातडीची लांब पट्टी काढतात, कडा टाक्यांनी जोडतात आणि मायक्रोस्कोपखाली पट्टीतून एकेक ग्राफ्ट सोडवतात. डोळ्यांना दिसताना कापल्यामुळे मुळं तुटायचं प्रमाण कमी राहतं. सगळं डोकं भादरावं लागत नाही. एका बैठकीत जास्त ग्राफ्ट मिळतात, आणि पुढे कधी लागलं तर उरलेल्या भागातून एफयूई करता येतं.

तोटा म्हणजे मागे आडवी रेघ राहते. केस थोडे वाढवून ठेवणाऱ्याला ती दिसत नाही. टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात, काही आठवडे मान वाकवताना ओढ बसते.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र जमेस धरावीच लागते: मुंडण. वडील गेल्यावर दहाव्याला डोकं भादरायचं असतं, कुणाचा नवस असतो. त्या दिवशी ही रेघ सगळ्या भावकीला दिसेल. चालणार असेल तर एफयूटी उत्तम पर्याय आहे, आणि मला वाटतं आज तो गरजेपेक्षा जास्त नाकारला जातो. चालणार नसेल तर एफयूई घ्या. भादरल्यामुळे लावलेल्या मुळांना काही होत नाही, जखमा पूर्ण भरलेल्या असल्या की झालं.

### काढणं: एफयूई

0.7 ते 1 मिलीमीटर व्यासाच्या गोल, पोकळ पात्यानं (याला पंच म्हणतात) एकेक ग्राफ्ट सुटा करून उचलतात. टाके नाहीत, आडवी रेघ नाही. बारीक पांढरे ठिपके राहतात, जे केस अगदी बारीक केले तरच दिसतात. डोनरचा, म्हणजे जिथून केस काढतात तो, भाग मात्र भादरावा लागतो.

धोका आहे तो हाताचा. मूळ कातडीखाली कोणत्या कोनात गेलंय ते वरून दिसत नाही. पंच तिरका बसला की मूळ कापलं जातं आणि तो ग्राफ्ट मेला. दुसरं, हावरटपणा. एका बैठकीत साधारण चारातला एकच ग्राफ्ट उचलावा, म्हणजे मागचा भाग विरळ दिसत नाही. “एका दिवसात 5000” म्हणणारे सुरक्षित पट्टीच्या बाहेर, मानेकडे आणि वरच्या कडेला उतरतात. तिथले केस पुढे गळणाऱ्यांपैकी असू शकतात, म्हणजे लावलेलेही गळतील.

### लावणं: स्टील ब्लेड, सफायर, डीएचआय

साध्या पद्धतीत डॉक्टर आधी सगळ्या चिरा पाडतात, मग चिमट्यानं ग्राफ्ट त्यात बसवतात. केस कोणत्या दिशेनं आणि किती तिरके उगवणार हे चिर ठरवते, म्हणून चिरा डॉक्टरनंच पाडायच्या. सफायरमध्ये हीच चिर नीलमणीच्या स्फटिकापासून बनवलेल्या पात्यानं पाडतात. पातं जास्त वेळ धारदार राहतं, एवढंच. त्यासाठी दुप्पट दर कोणी मागत असेल तर त्याच पैशात जास्त अनुभवी हात शोधा.

डीएचआयमध्ये ग्राफ्ट पेनसारख्या इम्प्लांटरच्या पोकळ सुईत भरतात. टोचताना चिर आणि लावणं एकदमच होतं. फायदा खरा आहे तो विरळ भागात: आधीचे केस न भादरता त्यांच्या मधे मधे लावता येतं. कोपरे, भुवया, दाढीतले खड्डे यांनाही ती सोयीची पडते. मोठ्या टकलाला वेळ जास्त लागतो, खर्च वाढतो, आणि पेन भरणारी माणसं सरावाची नसतील तर भरतानाच ग्राफ्ट चिरडतात.

दाढीचे केस डोक्यावर लावतात, तेही मधल्या भागात किंवा भोवऱ्यावर भर घालायला. ते जाड आणि राठ असतात, पुढच्या रेषेत ओळखू येतात. पीआरपी हे ट्रान्सप्लांटचं टेक्निक नव्हे. स्वतःच्या रक्तातला प्लेटलेटचा भाग टोचतात, आणि तो जोडउपचार म्हणूनच धरावा.

निवड साधारण अशी बसते. टक्कल मोठं, केस लांब ठेवायची सवय: एफयूटी, किंवा आधी एफयूटी आणि काही वर्षांनी एफयूई. केस बारीक ठेवता, पोलीस-सैन्यात आहात, मुंडणाची शक्यता: एफयूई. केस आहेत पण विरळ: एफयूईनं काढून डीएचआयनं लावणं. जखमेचा व्रण उंच, गाठीसारखा वाढण्याची सवय ज्यांच्या कातडीला आहे त्यांनी कोणतीही पद्धत ठरवण्यापूर्वी ते डॉक्टरला सांगावं.

## टप्पा 5: डॉक्टर आणि कोटेशन

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशनच्या, 2022 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: हे काम प्लास्टिक सर्जन किंवा त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञाचं आहे. तंत्रज्ञ डॉक्टरच्या देखरेखीखाली मदत करू शकतो, ऑपरेशन करू शकत नाही. व्हिडिओ बघून किंवा दोन दिवसांच्या वर्कशॉपवर हे शिकलेलं चालत नाही.

क्लिनिकमध्ये गेल्यावर बहुतेक वेळा “काउन्सिलर” भेटतो. त्याच्याशी बोला, पण पैसे भरण्याआधी डॉक्टरनं स्वतः डोकं बघितलं पाहिजे. मग विचारा:

- भूल कोण देणार, चिरा कोण पाडणार, पंच कोण मारणार? नाव लिहून द्या.
- डॉक्टरचा नोंदणी क्रमांक काय? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तो तिथंच बसून तपासा. हैदराबादला जात असाल तर तेलंगणच्या कौन्सिलकडे.
- त्याच दिवशी, त्याच डॉक्टरकडे आणखी किती ऑपरेशनं आहेत?
- दर ग्राफ्टमागे की पॅकेज? कमी ग्राफ्ट निघाले तर पैसे परत कसे?
- ऑक्सिजन, अ‍ॅड्रेनालिन आणि अ‍ॅलर्जी झाल्यास लागणारी औषधं त्याच खोलीत आहेत का?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण हाच सोडायचा नाही. भुलीच्या किंवा इतर औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी क्वचित येते, आली तर मिनिटांचा खेळ असतो.

पैशाचं एक: आरोग्यसेवेला असलेली जीएसटीची सूट केवळ सौंदर्यासाठीच्या हेअर ट्रान्सप्लांटला नाही, आणि आरोग्य विमाही सहसा हा खर्च देत नाही. कोटेशन करासकट मागा.

सावध: “शंभर टक्के गॅरंटी” आणि “आजच बुक केलं तर निम्म्यात” ही दोन वाक्यं एकाच तोंडून आली की बाहेर पडा.

## टप्पा 6: तारीख आणि तयारी

लग्न ठरलंय म्हणून दोन महिने आधी ट्रान्सप्लांट करणारे दरवर्षी भेटतात. लग्नाच्या फोटोत ते आधीपेक्षा विरळ दिसतात. कारण नवव्या टप्प्यात कळेल. मुहूर्ताच्या किमान वर्षभर आधी करा.

मराठवाड्यात एप्रिल-मे टाळा. 40 अंशांच्या पुढे गेलेल्या उन्हात घाम आणि धूळ नव्या ग्राफ्टवर बसते, आणि डोकं झाकावं तर घासलं जातं. शेती असेल तर पेरणीची, सोयाबीन काढणीची गर्दीही टाळा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा.

साधारण दोन आठवडे आधी रक्ततपासण्या होतात: सीबीसी, साखर, रक्त गोठण्याचा वेळ, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, वयानुसार ईसीजी. मधुमेह किंवा बीपी असेल तर आधी आटोक्यात आणा. रक्त पातळ करणारी गोळी हृदयासाठी चालू असेल तर स्वतःच्या मनानं बंद करू नका. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरला आणि सर्जनला एकमेकांशी बोलायला लावा. व्हिटॅमिन ई, फिश ऑइल, घरचे काढे, सगळं सांगा. मिनॉक्सिडिल कधी थांबवायचं ते विचारा.

सिगारेट, बिडी, तंबाखू, गुटखा: किमान दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर पूर्ण बंद. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि लावलेल्या मुळाला पहिले काही दिवस त्यांचाच आधार असतो. “मी ओढत नाही, फक्त चुना-तंबाखू” हे इथं चालत नाही.

तपासून घ्या: मुक्कामाची सोय केली का? ऑपरेशनच्या रात्री ट्रॅव्हल्सच्या स्लीपरनं परतीचं तिकीट काढू नका. दोन रात्री थांबा, पहिलं डोकं धुणं क्लिनिकमध्येच करून घ्या.

## टप्पा 7: ऑपरेशनचा दिवस

नाश्ता करून जा, डॉक्टरनं वेगळं सांगितलं नसेल तर. बटणाचा शर्ट घाला. टी-शर्ट डोक्यातून काढताना ग्राफ्ट जातील.

पुढची रेष आखताना उभे राहा आणि आरशात बघा. मोठ्या पुरुषात भुवयांच्या मधल्या बिंदूपासून ती साधारण 7 ते 8 सेंटिमीटर वर असते. कॉलेजच्या फोटोतली खालची रेष मागू नका: ग्राफ्ट जास्त जातील आणि पन्नाशीत ती चेहऱ्याला शोभणार नाही. रेष किंचित वेडीवाकडी हवी, आणि पहिल्या ओळींत एक-केसाचेच ग्राफ्ट हवेत.

भूल जागेवरची असते, तुम्ही शुद्धीत असता. 2000 ग्राफ्टना सहा ते आठ तास जातात. काढलेले ग्राफ्ट थंड सलाईनसारख्या द्रवात बुडलेले असले पाहिजेत. कोरडे पडले की मेले. निघताना एक, दोन आणि तीन केसांचे ग्राफ्ट किती निघाले याची नोंद लेखी घ्या.

## टप्पा 8: पहिले चौदा दिवस

निम्मं काम इथं बिघडतं, आणि बिघडवणारी बहुधा घरचीच माणसं असतात. काकू हळद घेऊन येते, कोणी कोरफड, कोणी कांद्याचा रस. काहीही लावायचं नाही. खोबरेल तेलही नाही.

पहिले काही दिवस डोकं उंच ठेवून, उताणं झोपा. दोन-तीन उशा किंवा आरामखुर्ची. सांगितल्याप्रमाणे सलाईनचा फवारा मारा. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरते. घाबरायचं कारण नाही. बर्फ लावायचा तर कपाळाला, ग्राफ्टवर नाही.

धुताना शॉवर नको. सौम्य शॅम्पूचा फेस हातावर करून थापायचा, मगातून पाणी हळू सोडायचं, टॉवेलनं घासायचं नाही. बोअरचं पाणी जड असेल तर एवढे दिवस उकळून गार केलेलं किंवा जारचं वापरा. खपल्या आठ-दहा दिवसांत मऊ होऊन निघतात. नखानं काढाल तर पहिल्या आठवड्यात मूळही हातात येईल. साधारण दहाव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट पक्के रुजतात.

तोपर्यंत हेल्मेट नाही, म्हणजे मोटरसायकलही नाही. फेटा, घट्ट टोपी नाही. फवारणी, मळणी, गुलाल यांपासून लांब. व्यायाम आणि ओझं उचलणं दोन आठवडे बंद.

लगेच फोन करा: ताप, पू, वाढत जाणारी ठणक, कातडीचा काळा पडत चाललेला भाग. श्वास लागला किंवा अंगभर पित्त उठलं तर फोन नको, थेट दवाखाना गाठा.

## टप्पा 9: पुढचं वर्ष

दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळतात. मूळ आत शाबूत असतं, वरचा केस पडतो. शेजारचे काही जुने केसही धक्क्यानं गळू शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डोकं ऑपरेशनच्या आधीपेक्षा वाईट दिसतं आणि याच काळात लोक क्लिनिकशी भांडतात किंवा औषध सोडतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक केस यायला लागतात, सहाव्या महिन्यात बरंचसं चित्र दिसतं. पूर्ण परिणामाला बारा महिने, भोवऱ्याला अठरापर्यंत.

दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, एकाच कोनातून, कोरड्या केसांचा फोटो काढा. फिनास्टेराईड आणि मिनॉक्सिडिल डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवा. ते जुन्या केसांसाठी आहे.

दुसरी बैठक वर्षाच्या आत कोणी सुचवली तर नकार द्या. ती खरोखर लागलीच तर पहिल्या वेळची ग्राफ्टची लेखी नोंद आणि फोटो सोबत न्या, डॉक्टर वेगळा असला तरी. मागे किती शिल्लक आहे हे त्यालाही त्यावरूनच ठरवायचं असतं.